प्रकाशाने मोजलेली वाव

२०१८ साली चलनात आलेली शंभर रुपयांची जांभळट नोट बहुतेकांनी हाताळलेली असते. तिच्या एका बाजूस महात्मा गांधींचे चित्र आहे आणि दुसऱ्या बाजूस एका प्राचीन दगडी वास्तूचे. ही वास्तू म्हणजे गुजरातमधील पाटण या गावची ‘राणी की वाव’ होय. नोट दिवसातून दहा हातांतून फिरते. परंतु त्या दहाजणांपैकी वाव प्रत्यक्ष पाहिलेला एखादाही सापडणे कठीण. ज्यांना पाटणला जाणे शक्य नाही, त्यांनी ही वाव पाहावी कशी? आणि पुढेमागे तिला काही अपाय झाला, तर पुढच्या पिढ्यांना तिचे रूप कळावे कसे? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी माणसाने प्रकाशाची मोजपट्टी हाती घेतली आहे.

वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. महाराष्ट्रात अशा विहिरीस बारव म्हणतात. उत्तर गुजरातचा प्रदेश कमी पावसाचा आहे. तेथे भूगर्भातील पाणी पावसाळ्यात वर येते आणि उन्हाळ्यात खोल जाते. साध्या विहिरीतून पाणी दोराने शेंदावे लागते. पायऱ्यांच्या विहिरीत मात्र पाणी जेथवर उतरेल तेथवर माणसालाही उतरता येते. जसजसे खाली जावे, तसतशी उन्हाची काहिली मागे पडते आणि अंगाला गारवा जाणवू लागतो. त्यामुळे वाव हा गावाचा पाणवठा तर असेच, शिवाय ते वाटसरूंचे विश्रांतिस्थान असे आणि भाविकांचे देवस्थानही असे.

अकराव्या शतकात पाटण ही सोळंकी राजांची राजधानी होती. त्या घराण्यातील पहिला भीमदेव हा राजा मृत्यू पावल्यावर त्याची राणी उदयमती हिने त्याच्या स्मरणार्थ ही वाव बांधविली, असे मानले जाते. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी मेरुतुंग या जैन पंडिताने लिहिलेल्या ‘प्रबंधचिंतामणि’ या ग्रंथात तसा उल्लेख आहे. पतीच्या आठवणीसाठी राणीने मनोरा उभारला नाही. तिने तहानलेल्यांना पाणी दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या वावेची लांबी सुमारे ६५ मीटर आणि रुंदी सुमारे २० मीटर आहे. पूर्वेकडून पायऱ्या उतरू लागतात आणि एकाखाली एक असे सात टप्पे लागतात. चौथा टप्पा सर्वांत खोल असून तो २३ मीटर खोलीवरील एका चौकोनी कुंडापाशी पोचतो. अगदी पश्चिमेच्या टोकास मूळ विहीर आहे. तिचा व्यास १० मीटर आणि खोली ३० मीटर आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर विष्णूचे अवतार, देवी, अप्सरा आणि नाना प्रकारची नक्षी कोरलेली आहे. विहिरीच्या भिंतीवर शेषशायी विष्णू विसावलेला आहे. मुख्य शिल्पांचीच संख्या पाचशेहून अधिक असून लहान शिल्पे हजारावर आहेत. मंदिराचे शिखर आकाशाकडे जाते. ही वाव पाताळाकडे जाते. म्हणूनच तिला उलटे मंदिर असे म्हटले जाते.

परंतु ज्या पाण्यासाठी वाव बांधली, त्याच पाण्याने तिला गिळून टाकले. जवळून वाहणाऱ्या सरस्वती नदीला पूर आले आणि पुराबरोबर आलेला गाळ वावेत साचत गेला. पायऱ्या बुजल्या, मंडप बुजले, मूर्ती दिसेनाशा झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स बर्जेस आणि हेन्री कझेन्स हे पुरातत्त्वज्ञ येथे आले, तेव्हा विहिरीचा घेर आणि काही खांब एवढेच काय ते वर दिसत होते. पुढे बडोदे संस्थानच्या अमदानीत, १९४० नंतरच्या वर्षांत, येथे उत्खननास आरंभ झाला. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने हे काम हाती घेतले आणि १९८० नंतरच्या दशकात गाळ उपसून वाव मोकळी केली. त्या वेळी एक आश्चर्य दिसून आले. ज्या गाळाने वाव लोकांच्या दृष्टीआड केली, त्याच गाळाने आतील मूर्तींचे ऊन, वारा आणि पाऊस यांपासून रक्षण केले होते! आता मात्र गाळाचे ते पांघरूण दूर झाले. उघड्यावर आलेला दगड पुन्हा झिजू लागणार, हे उघड होते.

अशा वास्तूची बारकाईने नोंद करून ठेवणे अवश्य होते. २०११ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या सहकार्याने एक तज्ज्ञमंडळी पाटणला आली. त्यांत स्कॉटलंडमधील प्राचीन वास्तूंची देखभाल करणारी शासकीय संस्था, ग्लासगो येथील कलाविद्यालय आणि अमेरिकेतील ‘सायआर्क’ ही संस्था यांचा समावेश होता. स्कॉटलंडमधील पाच आणि इतर देशांतील पाच अशा दहा स्थळांची संगणकीय प्रतिकृती करण्याचे काम या मंडळींनी अंगावर घेतले होते. भारतातून त्यांनी राणीची वाव निवडली. त्यांनी दगडाला छिन्नी लावली नाही, की साचा काढण्यासाठी मूर्तींवर लेप चढविला नाही. एका तिकाटण्यावर ठेवलेले यंत्र आणि छायाचित्रे घेण्याचा कॅमेरा ही त्यांची मुख्य साधने होती.

ते यंत्र म्हणजे लेसर स्कॅनर. त्याचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. डोंगरासमोर उभे राहून हाक मारली, तर थोड्या वेळाने प्रतिध्वनी ऐकू येतो. डोंगर जितका दूर, तितका प्रतिध्वनी उशिरा. ध्वनीचा वेग ठाऊक असेल आणि लागलेला वेळ मोजता आला, तर डोंगराचे अंतर सांगता येते. स्कॅनर हेच काम प्रकाशाकडून करून घेतो. त्यातून लेसर प्रकाशाचा एक सूक्ष्म किरण निघतो, समोरच्या दगडावर आदळतो आणि त्याचा काही अंश परत येतो. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो. भिंत १५ मीटरवर असेल, तर जाऊन येऊन ३० मीटर अंतर कापण्यास त्याला सेकंदाचा एक कोटीवा भाग पुरतो. इतका अल्प काळ यंत्र अचूक मोजते. किरण कोणत्या दिशेने सोडला हेही त्यास ठाऊक असते. अंतर आणि दिशा या दोहोंवरून दगडावरील त्या एका ठिपक्याचे स्थान निश्चित होते.

एका ठिपक्याने काय होणार? यंत्र मात्र एका सेकंदात असे हजारो ठिपके टिपते. शिवाय ते स्वतःभोवती फिरत राहते. अखेर लक्षावधी ठिपक्यांचा एक समूह तयार होतो. त्यास बिंदुमेघ म्हणतात. तरीही एका जागी उभ्या असलेल्या माणसास खांबामागचे दिसत नाही, तसेच यंत्रासही दिसत नाही. म्हणून यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागी, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर न्यावे लागते. निरनिराळ्या जागांवरून मिळालेले बिंदुमेघ समाईक खुणांच्या आधारे एकमेकांशी जुळविले जातात. मग ठिपके जोडून पृष्ठभाग तयार करतात आणि छायाचित्रांवरून त्यास मूळ दगडाचा रंग देतात. अशा रीतीने संगणकाच्या पडद्यावर वाव उभी राहते. ती फिरवून पाहता येते, आडवी छेदून पाहता येते आणि तिची मापेही घेता येतात. पुढे २०१४ साली राणीच्या वावेची जागतिक वारसास्थळांच्या यादीत गणना झाली.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर अफगाणिस्तानातील बामियान येथे मिळते. तेथील कड्यात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती कोरलेल्या होत्या. थोरली मूर्ती ५५ मीटर उंच होती, तर धाकटी ३८ मीटर. मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून त्या उद्ध्वस्त केल्या. शतकानुशतके उभ्या असलेल्या मूर्ती थोड्या दिवसांत धुळीस मिळाल्या. ज्यूरिक येथील तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी थोरल्या मूर्तीची संगणकीय प्रतिकृती करावयाचे ठरविले, तेव्हा १९७० साली मोजणीच्या उद्देशाने घेतलेली छायाचित्रे त्यांच्या उपयोगी पडली. ती घेणाऱ्यास एकतीस वर्षांनी त्यांचे मोल काय ठरणार आहे, हे कसे ठाऊक असावे! इराकमधील मोसुल येथे जन्मलेले अभियंते बेन कसीरा अमेरिकेत राहून लेसर स्कॅनर विकसित करण्याच्या कामात अग्रेसर होते. बामियानच्या वार्तेने ते व्यथित झाले आणि २००३ साली त्यांनी पत्नीसह सायआर्क या संस्थेची स्थापना केली.

वास्तूंचा नाश केवळ द्वेषामुळे होतो असे नाही. आफ्रिकेतील युगांडा देशात कंपाला शहराजवळ कासुबी येथे बुगांडाच्या राजांच्या समाधी आहेत. तेथील मुख्य वास्तू लाकूड, वेत आणि गवत यांची असून तिचे घुमटाकार छप्पर फार प्रसिद्ध होते. २००९ साली तिची लेसरने मोजणी झाली आणि १६ मार्च २०१० रोजी ती आगीत जळाली. मोजणी एक वर्ष लांबणीवर पडली असती, तर मोजावयास काही उरले नसते. पुढे तिची पुनर्बांधणी झाली. परंतु नुसती मापे हाती असून गवताचे छप्पर शाकारता येत नाही. ती विद्या तेथील एका कुळात परंपरेने चालत आली होती. जाणत्या हातांनी ती नव्या हातांना शिकविली, तेव्हाच छप्पर पुन्हा उभे राहिले. यंत्राने आकार जपला. कसब मात्र माणसांनी जपले.

आता ही प्रतिकृती इतिहास शिकण्यास कशी उपयोगी पडते ते पाहू. समजा, एका शाळेत सातवीच्या वर्गात पडद्यावर राणीची वाव दाखविली आहे. पाठ्यपुस्तकात ‘खोली २३ मीटर’ असे छापलेले असते. मुले ते पाठ करतात आणि विसरतात. पण प्रतिकृतीत एक-एक पायरी उतरताना वरचे आकाश लहान होत जाते. घराचा एक मजला साधारण तीन मीटरचा धरला, तर हे कुंड सात-आठ मजले खाली आहे, असा हिशेब मुले स्वतःच करतात. मग शिक्षक विचारतात, “उन्हाळ्यात पाणी तळाशी गेल्यावर दहा लिटरची घागर डोक्यावर घेऊन येथून वर यावयाचे झाले तर?” वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. दहा लिटर पाण्याचे वजन दहा किलो. त्यात घागरीचे निराळे. दिवसातून किती खेपा? हे पाणी कोण भरीत असेल? वाटेतल्या टप्प्यांवर मंडप का बांधले असतील? राजाराण्यांच्या नावांनी सुरू झालेला धडा अशा रीतीने पाणी वाहणाऱ्या माणसांपर्यंत येऊन पोचतो.

प्रतिकृतीतील सूर्यही हवा तेथे नेता येतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन वेळा करून पाहिल्या, म्हणजे कोणत्या भिंतीवर ऊन केव्हा पडते आणि कोठे सावलीच राहते, हे मुलांना शोधून काढता येते. मूर्तीच्या बोटातील अंगठी, अप्सरेच्या हातातील आरसा, वस्त्रावरील नक्षी इतक्या जवळून पाहता येते की, प्रत्यक्ष वावेत गेलेल्यालाही खालून मान उंचावून ती तशी दिसणार नाही. शिवाय ज्या मुलास पायऱ्या उतरता येत नाहीत, किंवा ज्याच्या घरी प्रवासाला पैसे नाहीत, त्यासही या वावेचे दार उघडे राहते.

तथापि या साधनात एक मोठा धोकाही दडलेला आहे. डोळ्यांसमोर जे स्पष्ट दिसते, ते खरेच आहे असे मानण्याकडे मनाचा कल असतो. समजा, एखाद्या प्राचीन भिंतीवर विष्णूचे अवतार क्रमाने कोरलेले आहेत. वराह आहे, त्यापुढील कोनाडा रिकामा आहे आणि त्यापुढे वामन आहे. “रिकाम्या जागी नरसिंह असणार! संगणकावर काढून टाकू,” असे एखादा उत्साही विद्यार्थी म्हणेल. त्याचा तर्क योग्य आहे. कारण दशावतारांत वराहानंतर नरसिंह येतो आणि मग वामन. पण त्या मूर्तीचा चेहरा कसा होता, हात किती होते, त्यांत कोणती आयुधे होती, हे कोनाडा सांगत नाही. चित्रकाराने संगणकावर सुंदर नरसिंह रेखाटला आणि तो खऱ्या मूर्तींच्या रांगेत बसविला, तर पाहणारा त्यास अकराव्या शतकातील शिल्प समजेल. एक असत्य अशा प्रकारे इतिहास म्हणून मुलांच्या मनात घर करील.

यासाठी जाणत्या अभ्यासकांनी काही नियम आखले आहेत. २००६ साली तयार झालेल्या आणि २००९ साली सुधारलेल्या ‘लंडन सनद’ नावाच्या नियमावलीचा मुख्य आग्रह असा आहे की, प्रतिकृतीतील कोणता भाग पुराव्यावर आधारलेला आहे आणि कोणता तर्कावर, हे पाहणाऱ्यास स्पष्ट कळले पाहिजे. वर्गात ही शिस्त सहज पाळता येते. जे आज प्रत्यक्ष उभे आहे ते दगडाच्या मूळ रंगात दाखवावे. ज्यास आजूबाजूचा पुरावा आहे, पण जे आज नाही, ते फिक्या रंगात दाखवावे. जे केवळ कल्पनेने भरले आहे, त्याच्या नुसत्या रेषा काढाव्यात. मग तीच प्रतिकृती मुलांना इतिहासाबरोबर इतिहास लिहिण्याची रीतही शिकविते. ‘हे आहे’, ‘हे असावे’ आणि ‘हे असू शकेल’ या तीन वाक्यांतील भेद ज्यास कळला, त्यास इतिहासाची अर्धी किल्ली सापडली असे समजावे.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. दगडावरील किंवा ताम्रपटावरील लेख हजार वर्षांनंतरही वाचता येतो; त्यासाठी डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरते. संगणकातील नोंद मात्र डोळ्यांनी वाचता येत नाही. ती वाचण्यास यंत्र लागते, आणि यंत्रे तर थोड्या वर्षांत कालबाह्य होतात. तीस वर्षांपूर्वीची कितीतरी माहिती आज उघडत नाही, कारण ती उघडणारी यंत्रेच उरली नाहीत. म्हणून अशा नोंदी वेळोवेळी नव्या साधनांवर उतरवून घ्याव्या लागतात आणि त्यांच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात. काळाचा गाळ संगणकातील वावेतही साचतो. तोही उपसत राहावे लागते.

अर्थात प्रतिकृती कितीही हुबेहूब असली, तरी ती मूळ वास्तूची जागा घेऊ शकत नाही. तिच्यात दगडाचा थंड स्पर्श नाही, खाली उतरताना लागणारा गारवा नाही. म्हणून प्रतिकृती आहे, आता मूळ वास्तू ढासळली तरी चालेल, असे कोणी म्हणू नये. उलट, जी वास्तू मुलांनी बारकाईने पाहिली, मोजली आणि समजून घेतली, तिच्या भिंतीवर ती आपली नावे कोरणार नाहीत.

राणीची वाव गुजरातमध्ये आहे. पण जुन्या बारवा महाराष्ट्रातही गावोगावी आहेत. सातारा जिल्ह्यातील लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहण्यास लोक दुरून येतात. परंतु कित्येक बारवा झुडपांनी झाकलेल्या आहेत आणि कित्येक कचऱ्याने भरत चालल्या आहेत. त्यांच्याकडे लेसर यंत्र घेऊन कोणी येईल न येईल. तोवर वडीलधाऱ्यांसह काठावरून पाहून काढलेले एक रेखाचित्र, साध्या फितीने घेतलेली मापे आणि गावातील वृद्धांनी सांगितलेली हकिकत ही तारीख घालून लिहून ठेवली, तरी ती एक नोंदच होय. बामियानच्या मूर्तींची छायाचित्रे घेणाऱ्याने आपले काम नीट केले होते, एवढ्याचसाठी ती पुढे कामी आली.

शब्दार्थ

शेंदणे – विहिरीतून दोराने पाणी काढणे. काहिली – उष्णतेचा ताप. अमदानी – राजवट, कारकीर्द. तिकाटणे – तीन पायांची घडवंची. शाकारणे – छप्पर गवताने किंवा पानांनी झाकणे. कसब – कामातील कौशल्य. कोनाडा – भिंतीतील देवळी. सनद – अधिकारपत्र. येथे, मान्य केलेली नियमावली. कालबाह्य – काळाच्या मागे पडलेले.

स्वाध्याय

१. राणी उदयमतीने वाव कोणाच्या स्मरणार्थ बांधविली? हे कोणत्या ग्रंथावरून कळते?
२. गाळाने वावेचे अहितही केले आणि हितही केले. कसे ते सांगा.
३. प्रतिध्वनीचे उदाहरण देऊन लेसर स्कॅनरचे तत्त्व आपल्या शब्दांत लिहा. भिंत ३० मीटरवर असेल, तर प्रकाशास जाऊन येण्यास किती वेळ लागेल?
४. ‘यंत्राने आकार जपला, कसब मात्र माणसांनी जपले.’ हे वाक्य कोणत्या प्रसंगाविषयी आहे? त्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. ‘हे आहे’, ‘हे असावे’ आणि ‘हे असू शकेल’ या तीन प्रकारांचे प्रत्येकी एक वाक्य आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूविषयी लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अग्रेसर, खटाटोप, हुबेहूब, दृष्टीआड.
७. आपल्या परिसरातील बारव, वेस, बुरूज किंवा मंदिर यांपैकी एकाचे रेखाचित्र वडीलधाऱ्यांच्या सोबतीने काढा. त्यावर मापे आणि तारीख लिहा.